चार वर्षांची माल्ट, बारा वर्षांचा रंग : वाचकांचे प्रश्न

उष्ण हवेत मुरलेली, वयाने लहान असलेली सिंगल माल्ट (एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की) कशी चाखावी आणि तिच्यात नेमकं काय शोधावं, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : उष्ण प्रदेशातली व्हिस्की चार वर्षांत स्कॉटलंडच्या बारा वर्षांच्या तोडीची होते, असं सर्रास सांगितलं जातं. तिथलं एक वर्ष म्हणजे थंडीतली तीन वर्षं, हा हिशेब खरा आहे का?

उत्तर : अर्धा खरा आहे. आणि जो अर्धा खोटा आहे, तोच चव घेताना कामाचा आहे.

ओकच्या पिंपात दारू भरली की दोन कामं एकदम सुरू होतात. एक लाकडाचं. रंग, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन, खोबऱ्याचा वास देणारे लॅक्टोन, लवंगेचा वास देणारं युजेनॉल आणि जीभ तुरट करणारं टॅनिन हे सगळं लाकडातून दारूत उतरतं. दुसरं काम दारूचं स्वतःचं. भट्टीतून आलेला कच्चेपणा कमी होतो, गंधकाचे वास पिंपाच्या आतल्या जळक्या थरात अडकतात, लाकडातून झिरपणाऱ्या हवेने ऑक्सिडेशन होतं, आम्लं आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून फळांच्या वासाचे एस्टर तयार होतात. उष्णतेत पहिलं काम धावत सुटतं. दुसरंही वेग घेतं, पण त्याला हवी तेवढी वर्षं मिळण्याआधीच लाकूड पुरे झालेलं असतं आणि पिंप रिकामं करावं लागतं.

त्यात बाष्पीभवनाची भर. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते. बेंगळुरूत हे प्रमाण १० टक्क्यांच्या घरात, कधी त्याहूनही वर असतं. २०० लिटरचं बॅरल धरलं, तर वर्षाला २ टक्क्यांनी १२ वर्षांनंतर सुमारे १५७ लिटर उरतात. १० टक्क्यांनी ५ वर्षांतच ११८ लिटर. टॅनिन आणि रंग मात्र उडत नाहीत, ते उरलेल्या दारूतच राहतात. म्हणजे २०० लिटरमध्ये जेवढं टॅनिन होतं तेवढंच ११८ लिटरमध्ये आलं, तर नुसत्या आटण्याने त्याची तीव्रता १.७ पट होते. या उडून जाणाऱ्या वाट्याला व्यवसायात ‘एंजल्स शेअर’, म्हणजे देवदूतांचा वाटा, म्हणतात. बेंगळुरूच्या अमृत भट्टीने २०१३ मध्ये आठ वर्षं मुरवलेली माल्ट काढली, तेव्हा तिला ‘ग्रीडी एंजल्स’ (हावरे देवदूत) हे नाव दिलं ते त्यावरूनच.

‘उष्ण हवा’ हीसुद्धा एक गोष्ट नव्हे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, तिथे वर्षभर हवा तशी एकसारखी. पॉल जॉन या माल्टचं गोदाम गोव्यात, किनाऱ्याच्या दमट हवेत. इंद्री ही माल्ट हरियाणात बनते. तिथे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर आणि हिवाळ्यात एक आकडी. तैवानमध्ये यीलान इथे कावालानच्या भट्टीतून पहिली दारू मार्च २००६ मध्ये निघाली आणि डिसेंबर २००८ मध्ये पहिली व्हिस्की बाजारात आली. स्कॉटलंड आणि युरोपीय संघाच्या नियमांत तिला तेव्हा व्हिस्की म्हणताही आलं नसतं, कारण तिथे किमान तीन वर्षं लाकडात काढावी लागतात. इतक्या वेगवेगळ्या हवांना एकच गुणक लावता येत नाही.

तेव्हा ‘ही किती वर्षांच्या स्कॉचसारखी’ हा प्रश्न सोडून द्या. ग्लास हातात आल्यावर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : लाकूड किती उतरलंय? आणि दारू किती पिकली आहे? थंड प्रदेशातल्या माल्टमध्ये ही दोन्ही उत्तरं बहुधा हातात हात घालून येतात. इथे ती फारकत घेऊ शकतात. गडद, गोड, मसालेदार लाकडाखाली कोवळं धान्य लपलेलं असतं, ते ओळखणं हाच या माल्टच्या चाखणीतला खरा अभ्यास.

प्रश्न : ग्लास नाकाशी नेला की डोळ्यांत पाणी येतं, अल्कोहोलशिवाय कसलाच वास लागत नाही. नाक कसं लावायचं, ते क्रमाने सांगाल का?

उत्तर : बहुतेक वेळा चूक नाकाची नसते. ग्लास, तापमान आणि घाई ही तीन कारणं आधी तपासा.

ग्लास ट्युलिपच्या आकाराचा हवा, म्हणजे खाली फुगीर आणि वर निमुळता. ग्लेनकेर्न हा खास व्हिस्कीचा ग्लास, किंवा शेरी या स्पॅनिश वाइनचा लहान ग्लास चालतो. सरळ कडेच्या रुंद ग्लासात वास टिकत नाही. ओतायची १५ ते २० मिली, त्याहून जास्त नको. ग्लासाला साबणाचा किंवा कपाटाचा वास येत नाही ना, हे रिकाम्या ग्लासात नाक घालून आधी पाहा. हे पाळत कुणी नाही, आणि नंतर ‘फुलांचा वास’ म्हणून जो लिहिला जातो तो कधीकधी भांड्यांच्या साबणाचा असतो.

तापमान १८ ते २२ अंश ठीक. खोलीत ३२-३३ अंश असेल तर अल्कोहोल जोरात उडतं आणि बाकी सगळं झाकतं. अशा वेळी बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग ओता. त्याहून जास्त वेळ ठेवली तर वास मिटतो.

ओतल्यावर ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा. माल्ट ५० टक्के अल्कोहोलच्या वरची असेल तर पंधरा. वाइनसारखं गरागरा फिरवू नका, त्याने आणखी अल्कोहोल वर येतं. ग्लास किंचित कलता करून एकदा आतून ओला केला की पुरे.

आता नाक. पहिला वास ग्लास हनुवटीपाशी धरून घ्या, म्हणजे दुरूनच. मग हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि दोन्हीकडून श्वास घ्या. जळजळ निम्म्याने कमी होते. ग्लासाच्या तोंडाची खालची कड आणि वरची कड इथे वास वेगळा लागतो, तो दोन्हीकडे घेऊन पाहा. एका वेळी दोन-तीन सेकंद, मग विश्रांती. सलग हुंगत राहिलं की नाक त्या वासाला सरावतं आणि काहीच सांगत नाही. अशा वेळी स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा जागेवर येतं.

पहिला घोट चवीचा नव्हे, तोंडाला सवय लावण्याचा. अर्धा चमचा पुरे. त्याच्यावरून कुठलंही मत बनवू नका. दुसरा घोट २-३ मिली घ्या, जिभेवर आणि हिरड्यांभोवती फिरवा, आठ-दहा सेकंद धरा, मग गिळा किंवा थुंका, आणि लगेच तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. उष्ण हवेतल्या माल्टमध्ये या सोडलेल्या श्वासात जे येतं ते फार बोलकं असतं. लाकडाचा गोडवा पुढे जिभेवर संपतो, आणि धान्य कोवळं असेल तर ते इथे, मागच्या बाजूला उघडं पडतं.

प्रश्न : ‘दोन थेंब पाणी घाला’ असं सगळे सांगतात. घातले, पण फरक कळला नाही. दुसऱ्यांदा जास्त घातलं तर पचपचीत झाली. नेमकं किती घालायचं?

उत्तर : दोन थेंबांनी फरक पडत नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. १ मिलीत साधारण २० थेंब येतात. ५७ टक्क्यांच्या २० मिलीत दोन थेंब घातले तर ती ५६.७ टक्क्यांवर येते. एवढ्याने काय व्हायचं?

हिशेब सोपा आहे. आताचे टक्के भागिले हवे ते टक्के, त्यातून १ वजा करा आणि उत्तराला ग्लासातल्या दारूच्या मिलीने गुणा. तेवढे मिली पाणी. २० मिली माल्ट धरली तर ६२ वरून ४६ टक्क्यांवर यायला ७ मिली, ५७ वरून ४६ वर ४.८ मिली, ५० वरून ४६ वर १.७ मिली, आणि ४६ वरून ४० वर ३ मिली. मोजायला औषधाची ५ मिलीची पिचकारी, अर्थात सुई नसलेली, सगळ्यात सोयीची. बाटलीतून धार धरून अंदाजाने घालाल तर पचपचीतच होणार.

पाणी टप्प्यांनी घाला. कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली माल्ट आधी ५० च्या आसपास आणा, वास घ्या, चाखा. मग ४६. मग ४०. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा. पाणी घातल्यावर सुरुवातीला मिश्रण अस्थिर असतं, तेव्हाचा वास फसवा. पाणी खोलीच्या तापमानाचं, कमी क्षारांचं आणि क्लोरीनचा वास नसलेलं हवं.

पाण्याने वास का फुलतो, याचं एक स्पष्टीकरण स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय अभ्यासातून दिलं. धुराचा वास देणारं ग्वायकॉल हे द्रव्य जास्त अल्कोहोलमध्ये अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेलं आणि द्रवात बुडालेलं राहतं. ४५ टक्क्यांच्या खाली आलं की ते पृष्ठभागाशी जमतं, तिथून नाकापर्यंत पोचणं सोपं. धुरकट नसलेल्या माल्टला हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही, पण पाण्याने सगळ्याच वासांची वाटणी बदलते एवढं नक्की.

उष्ण हवेतल्या माल्टसाठी एक वेगळी सूचना. हिला पाणी घालताना टॅनिनकडे लक्ष ठेवा. अल्कोहोलचा गोडवा आणि दाटपणा पाण्याने कमी होतो, पण तुरटपणा त्या मानाने कमी वाटत नाही, उलट मोकळा पडतो. म्हणून लाकूड जास्त झालेली माल्ट ४६ वर छान लागते आणि ४० वर एकदम कोरडी, कडवट होते. तुमची दुसऱ्या वेळची ‘पचपचीत’ बहुधा हीच. प्रत्येक बाटलीला एक टक्केवारी असते जिच्याखाली ती उतरू नये. ती एकदा शोधून बाटलीवर पेन्सिलने लिहून ठेवा.

भट्टीतले जाणकार मात्र पुष्कळदा थेट २० टक्क्यांपर्यंत पातळ करून नुसता वास घेतात. ते पिण्यासाठी नसतं, दोष शोधण्यासाठी असतं. कोवळेपणा लपायला तिथे जागाच उरत नाही. तुम्हीही वेगळ्या ग्लासात १० मिली घेऊन करून पाहा. ४६ टक्क्यांच्या माल्टला त्यासाठी १३ मिली पाणी लागेल.

प्रश्न : नवी बाटली उघडली. आधी खोबरं-व्हॅनिला असा सुरेख वास, पण मागे भिजवलेल्या पिठासारखा आणि थोडा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. बाटली खराब निघाली का?

उत्तर : खराब नाही, कोवळी आहे. तुम्ही लिहिलेले दोन्ही वास दारूच्या बाजूचे आहेत, लाकडाच्या नाहीत.

भिजवलेलं पीठ, ओला माल्ट, हिरवं गवत, कच्चं नाशपाती हे कोवळ्या दारूचे नेहमीचे वास. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास इथाइल अ‍ॅसिटेटचा. ऊर्ध्वपातनात जी पहिली धार येते तिच्यात तो भरपूर असतो. पहिल्या धारेचं कौतुक कितीही असो, माल्टच्या भट्टीत ती बाजूला काढून पुढच्या घाण्यात परत घालतात. मधला भाग तेवढा पिंपासाठी घेतात आणि शेवटची धार पुन्हा बाजूला काढतात. मधल्या भागाकडे वळायची वेळ जरा आधी साधली, तर इथाइल अ‍ॅसिटेट आत येतं. मधला भाग लांबवला, तर शेवटच्या धारेचे वास येतात : ओला पुठ्ठा, घाम, जुनं चामडं.

थंड प्रदेशात असल्या कडा बोथट व्हायला दहा-बारा वर्षं मिळतात. इथे चार-पाच. म्हणून उष्ण हवेत काम करणाऱ्या चांगल्या भट्ट्या मधला भाग मुद्दाम अरुंद घेतात आणि मुळातच स्वच्छ, फळांच्या वासाची दारू पिंपात घालतात. कावालान आणि तेल अवीवची मिल्क अँड हनी या दोन्हींना सल्ला देणारे डॉ. जिम स्वान याच मताचे होते. दारू आधीच स्वच्छ असली की वेळेची गरज कमी होते. वाइनच्या जुन्या पिंपाचा आतला थर तासून, शेकून आणि पुन्हा जाळून वापरण्याची जी पद्धत ‘एसटीआर’ म्हणून प्रसिद्ध आहे, ती रुळवली तीही त्यांनीच. थोड्या वर्षांत गोडवा मिळावा आणि टॅनिन कमी उतरावं, हा तिचा हेतू.

गंधकाचा वास वेगळा ओळखा. उकडलेली कोबी किंवा रबर असेल तर ते बहुधा दारूतून आलंय. भट्टीत तांब्याशी पुरेसा संपर्क आला नाही, आणि पिंपातही ते जिरायला वेळ मिळाला नाही. विझवलेल्या काडीचा वास असेल तर तो बहुधा शेरीच्या पिंपाचा. ही पिंपं टिकवण्यासाठी आत गंधक जाळायची रीत आहे.

खात्री करायची दोन साधनं घरातच आहेत. पाच-सहा थेंब तळहातावर घ्या, दोन्ही हात जोरात चोळा, पंधरा-वीस सेकंदांत अल्कोहोल उडून जाईल, मग हातांची ओंजळ करून वास घ्या. धान्य आणि पीठ पुढे आलं तर दारू कोवळी. भाजलेली साखर, लाकूड, सुकामेवा पुढे आला तर लाकडाने तिला व्यवस्थित झाकलंय. दुसरं, ग्लास रिकामा केल्यावर धुऊ नका. अर्ध्या तासाने वास घ्या, आणि शक्य असेल तर सकाळी पुन्हा. जड, न उडणारे वास तेवढे उरलेले असतात. चांगल्या माल्टच्या कोरड्या ग्लासाला व्हॅनिला, मध किंवा धुराचा वास येतो. वाईट निघालीच तर ओल्या पुठ्ठ्याचा.

कोवळेपणा हा दोषच मानावा असं मात्र नाही. नाशपाती, हिरवं सफरचंद, केळं हे एस्टर तरुण माल्टमध्येच ताजे असतात. खटकायला हवा तो पुठ्ठा, रबर आणि रिमूव्हर.

प्रश्न : शेवटी तोंड कोरडं पडतं, जिभेच्या कडा आक्रसतात. हा दर्जा समजायचा की दोष?

उत्तर : थोडा तुरटपणा हवाच, नाहीतर व्हॅनिलाचा गोडवा नुसता अंगावर येतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. घोट गिळल्यावर तुरटपणा अर्ध्या मिनिटात विरला आणि मागे फळ किंवा मसाला उरला, तर तोल आहे. तो वाढत गेला, लाळ सुटेना, मागे फार वेळ उकळलेल्या चहाची कडू चव उरली, तर पिंप वेळेत रिकामं झालेलं नाही.

कुठलं लाकूड यावरही ते ठरतं. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन जास्त, म्हणून खोबरं-व्हॅनिला. युरोपियन ओकमध्ये टॅनिन जास्त, म्हणून मनुका, लवंग आणि तुरटपणा. बर्बनसाठी (अमेरिकेतली मक्याची व्हिस्की) एकदा वापरून झालेल्या पिंपातलं बरंचसं टॅनिन आधीच निघून गेलेलं असतं. उष्ण हवेत म्हणूनच ते सगळ्यात निर्धास्त. कोरं, न वापरलेलं ओक किंवा शेरीचं ताजं पिंप असेल तर महिन्यांचा हिशेब ठेवावा लागतो. पिंप जेवढं लहान तेवढा दर लिटरमागे लाकडाचा संपर्क जास्त. ५०० लिटरच्या बटमध्ये जी दारू पाच वर्षं सुखाने राहील, ती १२५ लिटरच्या क्वार्टर कास्कमध्ये त्याच गोदामात त्याच्या खूप आधी लाकूड चघळल्यासारखी लागेल. बाटलीवर पिंपाचा प्रकार दिला असेल तर वयापेक्षा तो आधी वाचा.

प्रश्न : एवढा गडद रंग चार वर्षांत येऊ शकतो?

उत्तर : येऊ शकतो. उष्णता, ताजं शेरीचं किंवा वाइनचं पिंप, आणि आटणं, तिन्ही मिळून सहज. पण ई-१५०ए हा कॅरॅमलचा रंग स्कॉचसकट बऱ्याच देशांच्या नियमांत चालतो, त्यामुळे बाटलीवर ‘नैसर्गिक रंग’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर रंगावरून काहीच ठरवू नका. ग्लासाच्या कडेवरून ओघळणाऱ्या रेषांवरूनही नाही. त्या मुख्यतः अल्कोहोल किती आहे ते सांगतात.

प्रश्न : पाणी घातल्यावर माल्ट ढगाळ झाली. भेसळ?

उत्तर : उलट चांगली खूण. दारूतले मेदाम्लांचे जड एस्टर थंडीत किंवा अल्कोहोल कमी झाल्यावर विरघळलेले राहत नाहीत, म्हणून ती धूसर दिसते. काही उत्पादक माल्ट थंड करून हे एस्टर गाळून टाकतात, मग ती कायम चकाकते, पण तोंडातला दाटपणा थोडा जातो. ४६ टक्के आणि त्याच्या वर बाटलीत भरली तर न गाळताही ती सहसा स्वच्छ राहते. इतक्या माल्ट नेमक्या ४६ टक्क्यांच्याच का असतात, त्याचं हे एक कारण.

प्रश्न : बर्फ?

उत्तर : पिताना खुशाल. चाखताना नको. थंडीने वास मिटतात, गोडवा दबतो आणि तुरटपणा टोकदार होतो. लाकूडप्रधान माल्टवर बर्फाने अन्याय होतो तो असा.

प्रश्न : पिंपात भरताना दारू ६३ टक्क्यांच्या आसपास असते म्हणतात. मग चार-पाच वर्षं उडूनही काही बाटल्या ६० च्या पुढे कशा?

उत्तर : उडतं काय, ते हवा ठरवते. हवा कोरडी असेल तर पाणी लवकर निघून जातं आणि उरलेली दारू आणखी कडक होते. हवा दमट असेल तर पाण्याला बाहेर जायला जागा कमी, मग अल्कोहोल जास्त जातं आणि टक्के उतरतात. स्कॉटलंडच्या थंड-दमट गोदामात ते वर्षागणिक उतरत जातात. उष्ण प्रदेशात कोरडे आणि दमट महिने आलटून पालटून येत असतील, तर दारू निम्मी आटूनही टक्के फारसे हलत नाहीत. चाखताना याचा अर्थ एवढाच, की ६० टक्के ही कच्चेपणाची खूण नाही. जळजळ अल्कोहोलची आहे की कोवळेपणाची, हे ओळखायचं असेल तर आधी सगळं ४६ वर आणा. तरीही घशात ओरखडा उठला तर तो कोवळेपणाचा.

प्रश्न : धुरकट, म्हणजे पीटेड माल्ट तरुण असली तर जास्त चांगली का म्हणतात?

उत्तर : धुराचे फिनॉल वर्षं जातील तसे मंदावतात. तरुण माल्टमध्ये ते ठळक असतात आणि कोवळ्या धान्याचा वास झाकतात. उष्ण हवेत थोड्या वर्षांत लाकडाचा गोडवाही आलेला असतो, म्हणून धूर आणि गोडवा दोन्ही भर तारुण्यात एकत्र सापडतात. अमृत फ्यूजन हे याचं नेमकं उदाहरण. तिच्यात पाऊण भाग धूर न दिलेलं भारतीय बार्ली आणि पाव भाग स्कॉटलंडहून आणलेलं धुरकट बार्ली असतं, आणि बाटली ५० टक्क्यांची. एक सावधगिरी. बाटलीच्या माहितीत फिनॉलचा जो पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आकडा देतात तो बहुधा माल्ट केलेल्या धान्याचा असतो, व्हिस्कीचा नाही. भट्टीत त्यातलं बरंच मागे राहतं. दोन बाटल्यांचा धूर त्या आकड्यांवरून तोलू नका.

प्रश्न : तीन-चार मित्र मिळून तुलना करायची आहे. क्रम, प्रमाण आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

उत्तर : तीन बाटल्या पुष्कळ झाल्या. चौथीला नाक थकलेलं असतं आणि कौतुक वाढलेलं. एक थंड प्रदेशातली, बर्बनच्या पिंपातली दहा-बारा वर्षांची माल्ट, दुसरी उष्ण हवेतली पण पिंप तसंच, तिसरी उष्ण हवेतली शेरी किंवा वाइनच्या पिंपातली. पहिल्या दोघींत पिंप एकच असल्यामुळे हवेचा फरक उघडा पडतो. दुसऱ्या-तिसरीत हवा एक असल्यामुळे पिंपाचा. धुरकट घ्यायचीच असेल तर शेवटी, कारण तिच्यानंतर अर्धा तास दुसरं काही लागत नाही.

प्रत्येकी १५ मिली. एकाने बाहेर जाऊन ओतावं, तिन्ही पाण्याने ४६ टक्क्यांवर आणाव्यात, ग्लासांखाली १, २, ३ असे आकडे चिकटवावेत आणि वर कागदाचा तुकडा झाकावा. टक्केवारी सारखी न करता तुलना केली तर जी कडक ती ‘दमदार’ ठरते, हा नेहमीचा अनुभव. मध्ये साधं पाणी प्या. अत्तर लावलेलं असेल तर कार्यक्रम पुढे ढकला.

नोंदवहीत गुण देऊ नका, दोन रकाने आखा. डावीकडे ‘लाकूड’, उजवीकडे ‘दारू’. आलेला प्रत्येक वास कुठल्यातरी एका रकान्यात टाकायचाच. व्हॅनिला, खोबरं, लवंग, भाजलेली साखर, लाकडाचा भुसा, तुरट शेवट हे डावीकडे. धान्य, पीठ, नाशपाती, गवत, मध, फुलं, पुठ्ठा, रबर हे उजवीकडे. मनुका आणि खजूर बहुधा पिंपातल्या जुन्या शेरीचे, ते डावीकडेच. पक्क्या आंब्या-अननसासारखा वास आला तर वाद होईल, होऊ द्या. तो बहुधा दारूच्या एस्टरचा, आणि कावालानमध्ये ठळक सापडतो. शेवटी कागद समोर ठेवला की डावा रकाना भरलेला आणि उजव्यात फक्त ‘पीठ’ असेल, तर ती माल्ट रंगाने मोठी आणि वयाने लहान. उजवीकडे दोन-तीन फळं आणि मध असेल, तर वय काहीही असो, दारू पिकली आहे.

तिन्ही मिळून ४५ मिली ऐकायला थोडी वाटते. पण ती ६० टक्क्यांची असेल तर पाणी कितीही घातलं तरी अल्कोहोल ४० टक्क्यांच्या साडेसदुसष्ट मिलीएवढंच जातं. थुंकायला भांडं ठेवा, आणि थुंकत असलात तरी गाडी दुसऱ्याने चालवावी.

प्रश्न : बाटली उघडली तेव्हा आवडली नव्हती, तीन आठवड्यांनी आवडली. भास असावा का? आणि उघडलेली किती दिवस ठेवावी?

उत्तर : भास नसावा. मानेपर्यंत भरलेल्या बाटलीत हवा जवळजवळ नसते. पहिले एक-दोन पेग काढल्यावर ती आत येते, उडणारे टोकदार वास कमी होतात आणि कास्क स्ट्रेंथ तरुण माल्ट बरीच निवळते. म्हणून पहिल्या दिवशीचं मत कच्चं धरा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चाखा.

पुढे हीच हवा मारक ठरते. अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली वर्षभर आरामात टिकते. पाव उरली की दोन-तीन महिन्यांत संपवा, किंवा काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा. सगळ्यात आधी धूर जातो, मग फळं, लाकूड शेवटपर्यंत उरतं. बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर ५०-६० टक्क्यांचं अल्कोहोल बुचाला खातं, बूच ठिसूळ होतं आणि उघडताना मोडतं. ऊन आणि ओट्याशेजारची उष्णता टाळा. मोडलंच बूच, तर माल्ट कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळून घ्या आणि आधीच्या रिकाम्या बाटलीचं धुऊन पूर्ण वाळवलेलं बूच लावा. त्यासाठी एक-दोन बुचं नेहमी जपून ठेवावीत, मात्र धुरकट माल्टचं बूच साध्या माल्टला लावू नये.